टकटकबाई आणि बोलकी खोली

४ जुलै, सोमवार

उघडली एकदाची ती काचेची खोली! माझ्या वाचनहॉलची निम्मी जागा गिळून. आत सोफे, चाकांच्या खुर्च्या, कॉफीचं मशीन, नि दारावर पाटी — ‘इथे बोलून अभ्यास करा’. विद्यापीठाच्या ग्रंथालयात! नवे ग्रंथपाल (मी त्यांना सोफासाहेब म्हणते, अर्थात फक्त इथे) म्हणाले, “बाई, काळ बदलला.” काळ कशाला बदलतोय? हेच बदलतायत!

मी नोकरीला लागले तेव्हा लांबच लांब टेबलं होती. मुलींचं वेगळं, माझ्या नजरेसमोर. पुढे मध्ये फळ्या ठोकून ज्याचं त्याचं खुराडं झालं. मग कॉम्प्युटर आले, अर्धी खुराडी गेली. सगळं सोसलं. हॉलमध्ये ब्र काढायची मात्र कोणाची टाप नव्हती. मी किल्लीनं टेबलावर दोनदा टकटक केलं की संपलं. पोरं मला टकटकबाई म्हणतात. म्हणू देत.

७ जुलै, गुरुवार

दिवसभर काचेपलीकडून खिदळणं. डोकं उठलं.

१२ जुलै, मंगळवार

ग्रंथालय समितीपुढे तक्रार केली. खोली बंद करा, नाहीतर हॉलला टाळं लावा! दोन जुन्या प्राध्यापकांनाही सोबत नेलं होतं. सोफासाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. शुक्रवारी निर्णय.

घरी बोलले नाही. बोलणार कोणाशी? लेक याच विद्यापीठात शिकते; घरी आली की जेवते नि पुस्तकात डोकं घालते. काही विचारलं तर “हं.” लहानपणी ताटावर बसून फार बडबडायची. चमच्यानं दोनदा टकटक केलं की गप्प. आता तेही लागत नाही. शिस्तीत माझ्यावर गेलीय.

१४ जुलै, गुरुवार

आज कहर झाला. किल्ली घेऊन तरातरा निघाले, नि काचेपाशीच थबकले. आत फळ्यापाशी लेक! हातवारे करकरून चौघांना काहीतरी समजावत होती. मध्येच इतकी हसली की मटकन खालीच बसली. ही माझी मुलगी?

शिपाई मागून म्हणाला, “ताई रोज असतात की इथं. तुम्हाला ठाऊक नाही?”

झोंबलं. फार झोंबलं. इथे येते नि मला सांगत नाही! आत जावंसं वाटलं, पण किल्ली हातात घेऊन कसं जाणार?

तक्रार मागे घ्यायची? अजून वेळ आहे. पण सोफासाहेबांपुढे नाक घासू? मी? मुळीच नाही!

१५ जुलै, शुक्रवार

जिंकले! सोफे हलले. सोमवारपासून तिथे पुन्हा खुराडी.

लेक जेवली नाही. दार लावून बसली.

१८ जुलै, सोमवार

लेक हॉलमध्ये आली. कोपऱ्यातल्या खुराड्यात बसली. राहवेना, जवळ गेले. हळूच म्हणाले, “अगं, परवा त्या पोरांना काय शिकवत होतीस?”

तिनं वर पाहिलंही नाही. पेनानं टेबलावर दोनदा टकटक केलं.