तेल झालं का?

माय, काल तुझ्या भज्यांच्या कढईत पुन्हा बेअरिंग तापवलं. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "भजे तळाचे का लोखंड तळाचं, एकदा ठरवून टाका." बेअरिंग तेलात तापलं की किंचित फुगतं आणि दांड्यावर सहज चढतं, हे बाबांना ठाऊक, पण तेल किती तापलं ते त्यांना कधीच कळायचं नाही. ते अंगणातून ओरडायचे, "कावं, तेल झालं का?" तू बोट ओलं करून एक थेंब सोडायचीस, तो तडतडला की "न्या" म्हणायचीस. तुझ्या शब्दावर चढवलेलं बेअरिंग अडकल्याचं मला आठवत नाही.

या वेळी मोडली ती ट्रॅक्टरच्या मागे लावायची गवत कापायची मशीन. तलावाच्या पाळीवरची बेशरमाची झुडपं कापताना पातं दगडावर आदळलं आणि गिअरबॉक्स खडखडायला लागला. पोत्यावर ठेवून उघडला, तर गिअरचे दात तुटलेले आणि बेअरिंगच्या गोळ्या तेलात पडलेल्या. सामान आणायला गोंदियाला गेले. दुकानदार म्हणाला, "इतनी पुरानी मशीन, बेच दो दीदी." विकायला माझी हरकत नाही. पण बाबांच्या हातात पाना दिला की ते दुपारभर शांत असतात, म्हणून ठेवली आहे. तू गेल्यापासून माझंही तसंच चाललंय. हात चालतात, बाकी काही हलत नाही.

बाबा आता मला ओळखत नाहीत. जेवताना विचारतात, "तुमचं गाव कोनतं, बाई?" मी सांगते. "मंग आमच्याच गावच्या तुमी," म्हणून खूश होतात. मला वाईट वाटायला हवं. मी भात वाढते.

तर काल मी आत गॅसपाशी होते, ते बाहेर दांडा पुसत बसलेले. अचानक पूर्वीसारखी हाक आली, "कावं, तेल झालं का?" तू नाहीस हे एकदा सांगून पाहिलं होतं, तेव्हा पहिल्यांदाच कळल्यासारखे ते रडले होते. म्हणून काल तेलाकडे न बघताच मी आतून "न्या" म्हटलं. बेअरिंग निम्म्यावर अडकलं, पुढे जाईना की मागे येईना. आता ते कापूनच काढावं लागणार.

मी बाहेर येऊन बसले आणि ठोकून पाहायला हातोडी उचलली. बाबांनी बेअरिंग चाचपून पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून आवाज खाली केला. "बाई, तिले काही बोलू नोका. चुकते मानूस. दिवसभर खपते बिचारी माह्यासाठी."

तू असताना ते असं कधी बोलले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी नाही. मी "नाही बोलत" म्हटलं आणि हातोडी बाजूला ठेवली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं. त्यांची दाढी मी करते, माशाचे काटे काढून घास मी भरवते. आणि काल, माय, मला तुझा हेवा वाटला.