एकही तास ऑफ नाही

२५ जुलै, शनिवार

आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतर माणसाचं हस्ताक्षर बिघडतं म्हणे. शिवाय एका मोठ्या कामाची नोंद राहायला हवी. लेक कॉलेजला चालली आहे. तिच्या पहिल्या टर्मचं वेळापत्रक मी करणार.

बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मी केलं. सत्तावीस तुकड्या, एकेचाळीस शिक्षक, एक प्रयोगशाळा. एकही तास ऑफ नाही. कोणी गैरहजर असलं तर पाच मिनिटांत प्रॉक्सी वर्गावर उभा. निरोप समारंभात हेडसर म्हणाले होते की सरांच्या राज्यात रिकामा तास कसा दिसतो हे मुलांना ऐकूनच माहीत. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्यात विनोद नव्हता.

एका मुलीचं वेळापत्रक म्हणजे माझ्या हातचा मळ.

२७ जुलै, सोमवार

कॉलेजात जाऊन आलो. बसने चार तास. मी, ही आणि शेपूट. (लहानपणी शाळेत माझ्या मागेमागे फिरायची, म्हणून स्टाफरूममध्ये तिचं नाव सरांचं शेपूट. घरीही तेच चिकटलं.)

सल्लागार बाई वयाने लहान. माझ्याकडे न बघता सगळं शेपटीला सांगत होत्या. म्हणाल्या, पहिल्या टर्मला चार विषय पुरेत. वेबसाइट सहा घेऊ देते, पण घेऊ नकोस, नवी जागा, नवी माणसं, अंगावर येतं. टर्मला दोन विषयांत नापास झालं की प्रवेश रद्द, मग रडून उपयोग नाही. शेपटीने चार सांगितले. गणित, जीवशास्त्र, भाषा आणि मातीकाम.

मातीकाम! चाकावर मडकी करायची. त्याला म्हणे फक्त वीस जागा, शेपटीला एकोणिसावी मिळाली. उड्या मारायची तेवढी बाकी होती.

मी तिथल्या तिथे मोजलं. आठवड्यात नऊ तास ऑफ. नऊ! बाई म्हणाल्या, ते लायब्ररीसाठी, जेवायला, एका इमारतीतून दुसरीत चालत जायला. बाईंनी कधी शाळा चालवलेली नाही हे उघड होतं.

२९ जुलै, बुधवार, दुपारी १२.४०

मायलेकी चष्म्याच्या दुकानात गेल्यात. वेबसाइट उघडली. पासवर्ड माझाच, कारण फॉर्म मीच भरला होता. शाळेचं नाव आणि माझ्या निवृत्तीचं वर्ष.

रसायनशास्त्र घातलं. अर्थशास्त्र घातलं. संख्याशास्त्र घातलं तर लाल ओळ आली, बुधवारी दोन वाजता मातीकामाशी क्लॅश. माझ्या वेळापत्रकात क्लॅश! दोन्हींतलं एक काढणं भाग होतं. काढलं. मिनिटाभरात दुसरी ओळ आली की मातीकामाची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला दिली. कारभार चोख आहे.

१२.५२. सहा विषय, शून्य ऑफ. किती दिवसांनी असं मोकळं वाटलं.

दुपारी १.३०

दोघी आल्या. शेपूट नव्या चष्म्यातून दारातच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. नवा नंबर, डोळे बसायला वेळ लागतो. विचारलं, बाबा, आम्ही गेल्यावर काय केलंत? पेपर वाचला म्हटलं. हिने पिशवी ठेवली आणि चहाचंही न विचारता आत गेली. उकाडाच तसा आहे.

विषयांचं तिला सांगायचं आहेच. पण नीट बसून. रविवारी.

२ ऑगस्ट, रविवार

आज सांगितलं नाही. ती सामान भरत होती, कशाला मध्ये व्यत्यय.

चार्ट मात्र पूर्ण केला. जाड पुठ्ठा, सहा रंग. माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावला, सध्या बाहेर नको. रविवार संध्याकाळ ६ ते ६.१५ लाल रंगात: ‘बाबांना फोन’. एवढं एक तिला सांगितलं. तिने मान डोलावली.

८ ऑगस्ट, शनिवार

शेपटीला बसमध्ये बसवलं. पायरीवर एक पाय ठेवून मागे वळली आणि म्हणाली, बाबा, काही सांगायचंय का? म्हटलं, तास बुडवू नकोस. ती आणखी थोडी थांबली. कंडक्टर ओरडला तशी आत गेली.

ही रडली. माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती.

१० ऑगस्ट, सोमवार, सकाळी ८.००

कपाट उघडलं. रसायनशास्त्र. आत्ता पहिल्या बाकावर असणार. विषयांची यादी तिने उघडली असेलच, तीन नवे विषय बघून आधी चमकली असेल, मग हरखली असेल. म्हणजे वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

९.००. गणित. कॉलेजच्या माहिती पुस्तिकेतला नकाशा काढून बघितला. रसायनापासून गणिताची इमारत सव्वा किलोमीटर. चार्टवर दोन तासांच्या मध्ये शून्य मिनिटं. आमच्या शाळेत एक जिना होता फक्त.

पळेल. वय आहे.

१२ ऑगस्ट, बुधवार

फोन, वेळापत्रकात नसलेला. मातीकामाच्या वर्गातून परत पाठवलं म्हणाली, यादीत नाव नाही. आवाज अगदी सपाट. असं कसं झालं असेल, बाबा? म्हटलं, कॉम्प्युटरचं काय सांगावं, काढलं असेल नाव. ती म्हणाली, बरं.

मी खोटं बोललो नाही. बटण कोणीही दाबो, नाव काढतो तो कॉम्प्युटरच.

१६ ऑगस्ट, रविवार

ठीक सहाला फोन. सहा मिनिटं. सगळे तास होतात ना विचारलं. माझे सगळे होतात म्हणाली. बघा! शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय, बाबा? गेल्या रविवारीही असंच विचारलं होतं. घर सोडलं की मुलींना बापाची किंमत कळते.

नंतर मेहुण्याचा फोन. त्याच्या मुलाने पाच विषय घेतलेत, हे तीनदा सांगून झालं. आमचे सहा, मी सहज म्हणालो. त्याने विषयच बदलला. वर्षभराचं समाधान मिळालं. स्वयंपाकघरात काहीतरी दणकन पडलं. विचारलं तर ही म्हणाली, झाकण. जमिनीवर झाकण दिसलं नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार

पुस्तिका आज नीट वाचली. पान चौदा. विषय सोडायची शेवटची तारीख शुक्रवार, २८ ऑगस्ट, संध्याकाळी पाच. त्यानंतर विषय गुणपत्रिकेवर कायमचा. दोन नापास, प्रवेश रद्द.

समजा, तिने यादी उघडलीच नसेल. तर ती त्या तीन तासांना जात नाही. म्हणजे तीन नापास.

पण उघडली असणारच. मग बोलली का नाही? ही पोरगी दूध उतू गेलं तरी लगेच मला शाळेत सांगायला यायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवारी बघू.

२३ ऑगस्ट, रविवार

आज सांगायचंच ठरवून कागदावर तीन मुद्दे लिहिले होते. एक, मी काय केलं. दोन, का केलं. तीन, आता काय करायचं. पहिल्या मुद्द्याला तोंड उघडलं आणि तिला जेवणाचं विचारलं. मग हॉस्टेलच्या पाण्याचं. मग खोकला आला, तो खोटा होता.

आणखी काही सांगायचंय, बाबा? चौथ्यांदा. मोजलंय. नाही म्हटलं. ती म्हणाली, विचार करून सांगा. मी विचार केला आणि नाही म्हटलं. चार मिनिटांत फोन संपला.

वळलो तर ही दारात उभी. किती वेळ होती कोण जाणे. म्हणाली, अजून पाच दिवस आहेत. कशाला, विचारलं. महिना संपायला, म्हणाली आणि गेली.

महिना संपायला आठ दिवस आहेत. हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.

२६ ऑगस्ट, बुधवार, दुपारी २.००

कपाट उघडलं. संख्याशास्त्र. जेवण गेलं नाही.

शेपूट सहा वर्षांची असताना मैदानातल्या मातीची एक घंटा करून स्टाफरूममध्ये घेऊन आली होती. सर, तास संपला की ही वाजवा. शाळेत मला सरच म्हणायची. मी म्हणालो, मातीची घंटा वाजत नसते, आणि उरलेल्या प्रॉक्सी लावत बसलो. दुसऱ्या दिवशी ती घंटा टेबलावर नव्हती. कोणी उचलली ते मी कधी विचारलं नाही.

आज ते आठवलं आणि फार वाईट वाटलं. उपाशीपोटी असं होतं.

२७ ऑगस्ट, गुरुवार

आज फोन करणार होतो. पण तिचं वेळापत्रक गच्च. तास चालू असताना फोन वाजला तर?

२८ ऑगस्ट, शुक्रवार, दुपारी ४.१०

सुचलं! सांगायची गरजच नाही. तीन विषय मीच गुपचूप काढतो. पाचच्या आत. तिने बघितलंच नसेल, तर कधी घातले होते हे तिला कळणारही नाही. ना वाद, ना रडारड. इतकी साधी गोष्ट महिनाभर का सुचली नाही?

४.१३. पासवर्ड चुकीचा.

४.१४. चष्मा लावून टाइप केला. चुकीचा. शाळेचं नाव मी चुकणं शक्य नाही.

४.१६. तिसऱ्यांदा चुकीचा. खातं बंद. हात दाखवून अवलक्षण.

४.२५. सल्लागार बाईंना फोन लावला. सरळ सांगितलं की घाईत मुलीचे तीन विषय जास्त पडलेत, अर्ध्या तासात काढून द्या. बाई म्हणाल्या, मुलगी सज्ञान आहे, तिच्याबद्दल मी तुमच्याशी बोलू शकत नाही. अगदी मऊ बोलल्या, ते जास्त लागलं. नियम म्हणून एवढंच सांगितलं की विषय घातला, काढला किंवा पासवर्ड चुकला की त्याच मिनिटाला विद्यार्थ्याच्या फोनवर मेसेज जातो. विचारलं, हे कधीपासून? म्हणाल्या, आधीपासूनच.

४.३८. बारा बावन्न. चष्म्याचं दुकान. फोन तिच्या हातात आणि शेजारी ही.

४.४५. शेपटीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.

४.५२. पुन्हा.

५.००.

५.२०. हिच्याजवळ जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी विचारायच्या आधीच बोलली. तिन्ही विषय दहा तारखेलाच निघाले, पहिल्याच दिवशी शेपूट बाईंकडे गेली होती. मातीकामाची जागा तेवढी परत मिळाली नाही. बारा तारखेला ती मुद्दाम वर्गात गेली, कोणी आलं नसेल तर घेतील म्हणून. वीसच्या वीस चाकांवर मुलं बसली होती.

मग इतके दिवस मला बोलली का नाहीस, मी म्हटलं. आवाज चढला माझा. हिने तांदळातून हात काढला नाही. म्हणाली, तिनेच सांगितलं होतं, आई, तू बोलू नकोस, शेवटच्या तारखेपर्यंत बाबांना वेळ देऊ. मी तिला म्हटलं, तुझे बाबा नाही सांगणार. तर माझ्यावरच चिडली. म्हणे, बाबा कडक आहेत, पण खोटं नाही बोलत.

मी तिथेच बसून राहिलो आणि थोडे तांदूळ निवडले.

२९ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर कपाट उघडलं नाही. उद्या रविवार आहे. लाल तास माझा आहे, तो तिने एकदाही चुकवला नाही. शिस्त माझ्याकडूनच आलीय तिच्यात. उद्या सगळं सरळ बोलायचं.

३० ऑगस्ट, रविवार, संध्याकाळी ५.४०

तोच कागद काढला, तीन मुद्द्यांचा. खाली चौथा लिहिला, माफ कर. मग बाकीचे तीन खोडले.

५.५५. फोन मांडीवर. आवाज पूर्ण वाढवला.

६.००. वाजला. आतल्या खोलीत. हिचा.

६.०३. दार अर्धवट उघडं आहे. ही हसतेय. तिकडून शेपूटही हसत असणार, हिला एकटीला असं हसता येत नाही. मातीकाम पुढच्या टर्मला मिळेलसं दिसतंय.

६.०९. हिने विचारलं, बाबांना देऊ का? मी उठून उभा राहिलो. कागद हातात होता. दाराकडे एक पाऊल टाकलं. मग ही म्हणाली, बरं.

६.१५. कपाट उघडलं. लाल पेन सापडलं नाही, पेन्सिलने लिहिलं.

रविवार, ६ ते ६.१५. ऑफ.