कोसमटोल्याचा पट आणि मामांची लाल मोटार

मुक्काम कोसमटोला, आरमोरीच्या अलीकडे,
जिल्हा चांदा. माघ महिना, १९५४.

तीर्थरूप गुणवंतमामांच्या पायांशी (उजव्याला वात आहे हे ध्यानात धरून, जरा हळूच) भाचा त्र्यंबक याचा नमस्कार. मामींनाही नमस्कार. आपला खोकला, मामींची कंबर आणि दारातलं लिंबाचं झाड ही तिन्ही बरी असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे. मोटारही खुशाल आहे. फक्त मी देवाजींच्या ओसरीवर आहे आणि मोटार देवाजींच्या गोठ्यात आहे. देवाजी कोण, ते सांगण्यासाठीच हे पत्र. वाचताना मामींनी चहा आणलाच, तर आधी तो पिऊन घ्यावा.

आपण मला आलापल्लीला पाठवलंत ते विलायतेला परत निघालेल्या लाकूड-कंपनीच्या साहेबाकडून आपण पत्रावर खरेदी केलेली मोटार आणण्यासाठी. मंगळवारी मोटार नागपूरला दारात उभी दिसली नाही, तर तुझ्या नोकरीचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, असंही आपण बजावलं होतं. (तो मंगळवार येऊन गेला, हे मला ठाऊक आहे.) आपण मोटारीचा फोटो पाहिला होता, पण त्यात रंग दिसत नसल्यामुळे सांगतो, ती लाल आहे. शिवाय फोटोत छत घडी करून ठेवलंय असं आपल्याला वाटलं होतं, तसं नाही, छत नाहीच. आत दोनच माणसं मावतात आणि तीही बसत नाहीत, बाजेवर पडल्यासारखी पडतात. ही शर्यतीची मोटार आहे, असं साहेबाने मला तीनतीनदा सांगितलं आणि निरोप घेताना तो तिच्यावर हात फिरवून रडला. मोटारीसाठी की मुलखासाठी, ते विचारायचा धीर झाला नाही. या मोटारीतून आपण काळा कोट घालून कोर्टात जाणार आहात, हे चित्र मी वाटेत पुष्कळदा डोळ्यांपुढे आणून पाहिलं. आपण मोठी माणसं, आपल्याला शोभेलही.

आता गोंधळाची सुरुवात. माझ्या मते ती आपल्या सूचनेत आहे (रागावू नये). जंगलचा रस्ता, बैलबंड्या फार, कोणाच्या मागे रांगत बसू नकोस, भोंगा वाजव आणि पुढे हो, असं आपण लिहिलं होतं. मी तसंच करत निघालो. आष्टीला सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर, पोचू नावाचा सिरोंचाकडचा धिप्पाड माणूस, खाली उतरून आपल्या मोटारीभोवती फिरला आणि मला एवढंच म्हणाला, "चामोर्शीलोक?" म्हणजे चामोर्शीपर्यंत. मी म्हटलं, हो. मला वाटलं, कुठे चाललास असं विचारतोय. पुढच्या क्षणी त्याची बस धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि खिडक्यांतून उतारू माझ्याकडे पाहून टोप्या हलवू लागले. मी आपला टायर जपत चाललो होतो. चामोर्शीला पोहोचलो तेव्हा सगळे उतारू चहा पिऊन वाट पाहत उभे होते, आणि तो चहा हरणाऱ्याने द्यायचा असतो हे मला तिथे कळलं. गडचिरोलीच्या पुढे सागाच्या जंगलात सायकलवरच्या एका फॉरेस्ट गार्डने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं आणि तो हँडलवर वाकला. तो सरकारी माणूस. त्याला ओलांडणं गुन्ह्यात बसतं की काय या विचाराने मी मागेच राहिलो. नाक्यावर त्याने दोन्ही हात वर केले आणि नाकेवाल्याने मला पाणी आणून दिलं. लोक माझ्याशी इतके प्रेमाने का वागतात आणि मग मला हसतात का, याचा मी आरमोरीपर्यंत विचार करणार होतो, पण त्याआधी कोसमटोला लागलं.

गावाच्या अलीकडे दोन पांढरे बैल एक हलका छकडा घेऊन चालत होते. चालत होते म्हणजे मिरवत होते. छकड्यात लाल फेटा बांधलेला एक मिशाळ गृहस्थ होता, तेच देवाजी. बैलाच्या पाठीवर हात ठेवून शेजारून एक मुलगी चालली होती, ती त्यांची भागीरथा. (तिच्याविषयी या पत्रात विशेष काही नाही. बैलांच्या संदर्भात येते, म्हणून नाव दिलं.) मी आपल्या सूचनेप्रमाणे भोंगा वाजवला आणि डावीकडून पुढे झालो. मागे वळून पाहिलं तर तिघांच्या, म्हणजे दोन बैल आणि भागीरथा यांच्या, डोक्यावर धूळ बसत होती आणि देवाजी हसत होते.

मारुतीच्या देवळापाशी लोकांनी मोटार अडवली. मला वाटलं, आता मार बसतो. तर एका बाईने मोटारीच्या नाकावर कुंकू लावलं आणि एकाने चाकाखाली नारळ फोडला. मग धोतरावर कोट घातलेले भैयाजी पुढे आले. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, हे तर आपल्याला माहीत आहेच. त्या शर्यतींचे हे भैयाजी या बाजूचे मोठे पंच. ते म्हणाले, "देवाजीच्या जोडीले डाव्या हातानं, भोंगा देऊन, धूळ पाडून आजवर कोनी गेलं नाई. तुमी गेले. म्हंजे तुमी पट मांगला." मी म्हटलं, मी फक्त रस्ता मागितला. ते म्हणाले, "पटाच्या दिवसात रस्ता मांगला काय आन् पट मांगला काय, एकच हाय जी." आणि त्यांनी तबक पुढे केलं. त्यात विडा होता. मामा, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. विडा उचलणं म्हणजे काय, हे मी शाळेत शिकलो आहे, पण शाळेत तो विडा इतका ताजा नव्हता. मी तो खाल्ला. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या.

विडा तोंडात असल्यामुळे पुढच्या अटींना मी मान हलवून होकार दिला. अटी अशा की देवाजींचे बैल जिंकले तर मोटार देवाजींच्या गोठ्यात राहील आणि मोटार जिंकली तर बैल माझ्याबरोबर नागपूरला येतील. बैलांची नावं सरदार आणि शिपाई. देवाजींनी त्यांना वासरं असल्यापासून स्वतःच्या ताटातला घास दिला आहे. हे मला अट मान्य केल्यावर समजलं. भागीरथा सरकीची पाटी खाली ठेवून माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काहो मोटारवाले, सरदार कान चोळल्याबिगर निजत नाई. नागपूरले कोन चोळन त्याचे कान?" मला माझे हात आठवले, मग मामींचे आठवले. ती पाटी उचलून निघून गेली आणि मला फार वाईट वाटलं, इतकं की विड्याचा रंगही उतरला.

पट देवळापासून नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत. भैयाजींनी दुपट्टा खाली केला. आपल्या समाधानासाठी लिहितो, मोटार अशी सुटली की दुपट्टा जमिनीला टेकायच्या आत देऊळ मागे पडलं. मामा, मी जिंकत होतो. पत्त्यात नाही, परीक्षेत नाही, आपल्याशी वाद घालतानाही कधी नाही, पण तिथे मी जिंकत होतो आणि डोळ्यांपुढे सरदारचे कान येत होते. ब्रेक दाबावा की काय या विचारात होतो, तेवढ्यात नाला आला. नाल्यात रेती होती. शर्यतीच्या मोटारीचं पोट जमिनीपासून किती कमी उंचीवर असतं, हे साहेबाने सांगितलं नव्हतं. ती पोटावर बसली.

मागून छकडा आला. देवाजींनी बाजूने काढला असता तर पट त्यांचा होता, बैल त्यांचे होते, आणि हे पत्र एवढं लांबलं नसतं. पण त्यांनी अंग मागे टाकून कासरा ओढला आणि सुसाट आलेली जोडी माझ्या शेजारी उभी केली. "रुतली?" म्हणाले. मी म्हटलं, रुतली. मी त्यांना हात जोडून सांगितलं की तुम्ही व्हा पुढे. ते म्हणाले, "रुतलेल्याले टाकून जिंकाले मी काय चोर हाओ?" त्यांनी छकडा सोडला, जोडीच्या जुवाला दोर बांधला, दुसरं टोक मोटारीला बांधलं, आणि कासरा हातात घेऊन माझ्या शेजारच्या बैठकीत येऊन पडले. (बसले असं लिहिता येत नाही.) मीही इंजिन चालू केलं. बैलांनी जोर लावला, इंजिनाने लावला, गावाने मागून आरोळ्या दिल्या आणि मोटार रेतीतून निघाली. पण पटाचे बैल एकदा सुटले की झाडापर्यंत थांबत नाहीत. चढ चढून आम्ही मोहाच्या झाडाखालून गेलो ते असे: आधी शिपाई, त्याच्याबरोबर सरदार, मग दोर, मग मोटारीचं नाक, मग मी आणि देवाजी, खांद्याला खांदा लावून.

आता कोण जिंकलं? मी त्या दिवसापासून विचार करतोय आणि डोकं दुखतंय. भैयाजींचं म्हणणं, बैलांची नाकं आधी गेली, तेव्हा बैल जिंकले. देवाजींची बायको रुखमाबाई म्हणतात, बैल त्या वेळी मोटारीला जुंपलेले होते, म्हणजे ते मोटारीचे बैल, म्हणजे मोटारच जिंकली. (हे बोलताना त्या रडत होत्या, कारण त्यात त्यांचे बैल जातात, पण खरं ते बोललंच पाहिजे असा त्यांचा स्वभाव आहे.) तलाठ्याचं मत असं की इंजिन चालू होतं, त्यामुळे मोटार बैलांना ओढत नसली तरी ढकलत होती. लटारू नावाचे एक म्हातारे विचारतात की देवाजी जर मोटारीत होते, तर ते हरले तरी जिंकले आणि जिंकले तरी हरले, हे खरं ना? यावर सगळे माझ्याकडे पाहतात. मी मान हलवतो. देवाजी स्वतः तर जीत घ्यायलाच तयार नाहीत. "माझ्या दोरानं वर आला मानूस, त्याले हरवलं म्हनू कसं?" एवढं बोलून ते बैलांच्या गळ्यात नागपूरला जाण्यासाठी नव्या घुंगुरमाळा घालतात, आणि मग गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून पुष्कळ वेळ उभे राहतात. ते पाहवत नाही, मामा. भागीरथा मला जेवायला वाढते, पण वरणाची वाटी अशी आदळते की अर्धं वरण पाटावर येतं.

तेव्हा पंचांनी निकाल राखून ठेवला आहे. माझे मामा नागपुरात मोठे वकील आहेत, हे माझ्या तोंडून निघून गेलं आणि आता सारं गाव आपली वाट पाहत आहे. निकाल लागेपर्यंत दोर सोडायला मनाई आहे, कारण तोच पुरावा. याचा परिणाम असा की मोटार आणि बैल अजून एकाच दोराला आहेत. रोज सकाळी बैल तळ्यावर पाणी प्यायला जातात तेव्हा मोटारही जाते. मी आत पडून चाक सांभाळतो आणि भागीरथा बैलांपुढे चालते. पहिले काही दिवस ती बोलत नव्हती. मग एकदा वळणावर मी मोटार बांधावर घातली, तेव्हा हसली. परवापासून ती चाक धरते आणि मी बैलांपुढे चालतो, कारण तिच्या मते मला दोन्ही सारखंच येत नाही. सरदारचे कान चोळायला मात्र मी शिकलो आहे. ते बुडाशी चोळायचे असतात.

तरी आपण वडसा स्टेशनावर उतरून सत्वर इकडे यावं, कायद्याची जाड पुस्तकं आणावीत आणि कोण जिंकलं याचा निकाल द्यावा, हीच कळकळीची विनंती. मामींना पुन्हा नमस्कार.

आपला गोंधळलेला भाचा,
त्र्यंबक

ता. क. निकाल काय द्यायचा ते आपल्या बुद्धीवर सोपवलं आहे, पण मी हरलो असाच द्यावा. मोटार गेली तर आपण एक दिवस आरडाओरडा कराल. बैल गेले तर देवाजी काहीच बोलणार नाहीत, आणि ते मला सोसणार नाही.

आणखी ता. क. माझ्या नोकरीसाठी कोणाला शब्द टाकला असल्यास परत घ्यावा. मोटार इथे राहिली तर ती चालवायला कोणीतरी राहावं लागेल, असं भैयाजींचं मत आहे. ते अनुभवी आहेत.

शेवटचं ता. क. वरचं सगळं रद्द समजावं. पाकीट चिकटवायला बसलो तेव्हा देवाजी शेजारी येऊन बसले आणि मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पोरगी म्हन्ते, निकाल लागला का दोर सुटन. आन् दोर सुटला का मोटारवाला जाईन. तिले निकाल नाई पायजे." मामा, माझे कान तापले. मी पुन्हा मान हलवली, पण या वेळी तोंडात विडा नव्हता. मामींच्या आरमोरीच्या मावशीकडून ही मंडळी आपल्या सोयरिकीतलीच निघतात, हेही त्यांनी चौकशी करून ठेवलं आहे. तेव्हा पुस्तकं आणू नयेत. निकाल मुळीच देऊ नये. पंच म्हणून येणारच असाल तर येऊ नका. मामा म्हणून या. बोहल्यावर पाठीशी उभं राहायला मामा लागतो.