कंसातले राऊत

चिंचणी,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. मेघाली हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील. पुण्यात अजून थंडी आहे म्हणे. आमच्याकडे सकाळी समुद्रावरून गार वारा येतो तेवढाच, दुपारी पंखा लागतो. वाल यंदा चांगले आलेत. तुझ्यासाठी पिशवी भरून सफाळ्याला तुझ्या बाबांकडे दिली आहे. दादाचे गुडघे तसेच आहेत, आणि डॉक्टरकडे न जाण्याची सबबही तीच.

फोन सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटलं असेल. फोनवर तू ‘आत्या, एक मिनिट’ म्हणतेस आणि माझं सांगायचं राहून जातं. शिवाय घरात केदार असतो, आईचं बोलणं ऐकत.

तर कामाचं. केदारने तुला निरोप द्यायला सांगितलाय की, तुझ्या शोधनिबंधातलं माझं वाक्य काढता येईल का? वाक्य नाही तर निदान कंस तरी. ‘सुट्टीच्या दिवशी नाल्याला तांबूस पाणी येते व औषधासारखा वास सुटतो, विहिरीकाठी लावलेली अबोली जगत नाही (राऊत, २०२४).’ हेच ते. इंटरनेटवरचा अंक आहे, बदलता येत असेल, असं त्याचं म्हणणं. निरोप पोचवला.

निबंध छान झालाय हो. वाचताना दर दोन ओळींनी कंस आडवा येतो, तेवढा त्रास होतो. पण माझा कंस आला तेव्हा मी चष्मा पुसून परत वाचला. आधीच्या वाक्याला कुणी परदेशातले प्राध्यापक, नंतरच्या वाक्याला सरकारी अहवाल, आणि मधे मी. शाळेत इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण कुणी माझा शब्द पुरावा म्हणून छापला नव्हता. शेजारणीला दाखवावंसं फार वाटलं. दाखवलं नाही.

तू मला तेव्हा नीट समजावलं होतंस. ऐकलेली गोष्ट कुणाकडून ऐकली ते तिथल्या तिथे सांगायचं, नाहीतर ती लिहिणाऱ्याच्या मनातली ठरते. भीती वाटत असेल तर खोटं नाव घालू, म्हणालीस. त्यावर मी भडकले. मी काय चोर आहे, नाव बदलून फिरायला? मग पूर्ण नाव घालू का, विचारलंस, तर त्यालाही नको म्हटलं. केदारची नोकरी त्याच नाल्यावरच्या कारखान्यात. शेवटी मीच तोडगा काढला, नुसतं आडनाव घाल, शेवटच्या यादीतही ‘राऊत, मुलाखत, चिंचणी’ एवढंच. आमच्या आळीत हाक मारली तर दहा राऊत वळून बघतील, कोण कुणाला शोधणार? तू दोनदा विचारलंस, ‘आत्या, नक्की?’ मी म्हटलं, नक्की. केवढं कौतुक वाटलं होतं मला माझ्याच हुशारीचं!

त्यांनी शोधलं, मेघाली. त्या पानाचा फोटो बोईसरभर फोनवर फिरला. कारखान्यात चिंचणीचे राऊत दोनच. एक केदार, लॅबमध्ये, कायम नोकरीवाला. दुसरे नरहरीभाऊजी, तुझ्या आतोबांचे चुलतभाऊ, ठेकेदाराकडे कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर चालवायचे. टँकरवाल्याला नाला माहीत, म्हणजे बोलला तोच, असा हिशेब झाला. गेटवर ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, ‘कल से मत आना.’

आमचं त्यांचं बोलणं बंद आहे हे तुला ठाऊक आहे. विहीर सामायिक, मोटर कुणी किती वेळ चालवायची यावरून हे असतानाच बिनसलं. हे गेले तेव्हा भाऊजी खांदा द्यायला आले, पण बोलले नाहीत.

मागच्या आठवड्यात त्यांची हेमांगी आली. पुढच्या दारी येऊन उभी राहिली, पाहुण्यासारखी. म्हणाली, “वहिनी, केदारला सांगा ना, सायबाजवळ एक शब्द टाक म्हणावं. आमच्या ह्यांनी कोणाला कायपण सांगितलेलं नाय. ते घरात माझ्याशी धड बोलत नाय, मुलाखत काय देतील?” हसायला गेली आणि रडायला लागली. मी तिला चहा दिला. सांगते केदारला, म्हटलं. ती निघाली तेव्हा तिच्या ओच्यात नारळही घातले. सगळं केलं, तेवढं एक वाक्य सोडून.

केदारला सांगितलं तर तो म्हणाला, “आई, तू गप्प राहा. नरहरीकाकांना दुसरा टँकर मिळेल. माझं नाव एकदा खराब झालं की तारापुरात कुणी उभं करणार नाही.” खोटं नाही त्याचं. मी गप्प राहिले. मला माझ्या मुलाची भीती वाटत होती, आणि सुटले याचं बरंही वाटत होतं. दोन्ही लिहिते.

परवा मी वाडीत कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे भाऊजी पानवेलीला पाणी देत होते. इतक्या वर्षांनी ते बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

“वहिनी, साहेबांनी इचारलं मला. तुझ्या आळीत अजून कोण राऊत हाय, सांग, तुला परत घेतो.”

मी चिमटे हातात धरून उभी.

“मी म्हटलं, सगळेच राऊत हायत. कोणाकोणाला काढाल?” मग नळी पुढच्या वेलीकडे सरकवत म्हणाले, “अबोली परत लावू नका त्या कडेला. पावसाळ्यात पण नाय जगायची.”

म्हणजे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. त्या विहिरीवर अबोली लावणारी गावात मी एकटी. आणि मी त्यांच्या बायकोला चहा पाजून परत पाठवली! लाज वाटते गं मेघाली, तुझ्याजवळही सांगायला.

काल केदारला सांगितलं की मी गेटवर जाणार. तो म्हणाला, “माझा विचार केलास का?” केला. दुसरं काय करते मी? पण त्याच्या हातात शिक्षण आहे, आणि भाऊजींच्या हातात फक्त ते स्टिअरिंग होतं. सकाळी उठून तो न जेवता कुठेतरी गेलाय. त्याचं ताट झाकून ठेवलंय. त्याची नोकरी जाईल की राहील मला माहीत नाही, आणि तो मला माफ करेल की नाही तेही. आज सुट्टी आहे, तो वास आत्ताही खिडकीतून येतोय.

उद्या हेमांगीला बरोबर घेऊन बोईसरला जाते. तू केदारचा निरोप विसर. वाक्यातला एक शब्द काढू नकोस. कंसात नुसतं आडनाव ठेवू नकोस, पूर्ण नाव घाल, गावासकट, आणि शेवटच्या यादीतही. संपादकांना दुरुस्ती छापायला सांग, आणि प्रत नरहरीभाऊजींच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नको.

पूर्ण नाव छापायचं तर सहीनिशी लेखी परवानगी लागते, असं तूच म्हणाली होतीस. हे पत्र ती परवानगी समज. खाली नेहमीसारखं ‘तुझी आत्या’ लिहिणार होते, पण ते कंसात चालायचं नाही.

दमयंती रामनाथ राऊत,
चिंचणी