ठासणीच्या बंदुकीची नक्कल

२४ सप्टेंबर १९६१, मुरुम

लाटणं! दीड महिना खपून केलेली बंदूक पडद्यावर लाटण्यासारखी दिसते!

रीळ मुंबईहून धुऊन आलं. वसंतरावांनी स्टुडिओत पांढरं धोतर ताणून दाखवलं. फोटो काढून काढून कंटाळलेला हा माणूस, सोलापुराहून किल्लीचा जुना कॅमेरा घेऊन आला आणि मारधाडीचा सिनेमा काढायचं वेड डोक्यात घेऊन बसला. कॅमेरा त्यांचा, सामान माझं. तलवारी, दगड, बाटल्या, रक्त, सगळं मी करायचं. शाळेत पोरांना सुरई आणि पेरू काढायला शिकवून माझे हात सडायला लागले होते, म्हणून मीच हौसेनं पुढं झालो.

दगड बरे दिसतात. रद्दी भिजवून, मेथीचं पीठ घालून केलेले. डाकूच्या अंगावर कोसळतात तेव्हा खरे वाटतात. पण बंदूक! वसंतराव हसले नाहीत, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "मास्तर, लाकूड ते लाकूडच दिसतं हो."

त्यांचे मेहुणे कोल्हापुरात एका स्टुडिओत सामानाच्या खात्यात आहेत. दिवाळीला इकडं येणार, रीळ बघणार. हाताखाली माणूस हवाय त्यांना. सात वर्षं मी या गावात आहे. लाटणं दाखवून कोण नेणार मला कोल्हापूरला?

२५ सप्टेंबर

वर्गात लक्ष नव्हतं. फळ्यावर सुरईऐवजी बंदुकीचा घोडा काढला. पोरं खूश.

२७ सप्टेंबर

खरी बंदूक हातात घेतल्याशिवाय खोटी जमणार नाही, हे आधीच कळायला हवं होतं. गावात परवान्याची ठासणीची बंदूक गुरुसिद्धप्पांकडं. आडत दुकान, ओढ्याकाठी शेत, भुईमुगात रानडुकरं येतात म्हणून बंदूक. घाबरत घाबरत गेलो.

"बर्री मास्तर, बर्री!" म्हणून ओसरीवर बसवलं. कारण ऐकून म्हातारा खो-खो हसला. मग खुंटीवरची बंदूक काढून मांडीवर घेतली, तान्हं लेकरू घेतात तशी. म्हणाले, "ही सदा भरलेली असती. दारू, छर्रे, वरून चिंध्यांचा बोळा, समदं ठासून. पर टोपी माझ्या खिशात. टोपी न्हाय तवर ही नुस्तं मुसळ. बघा, मोजा, काय करायचं ते करा. पर घरातच."

घोड्याखाली बारीक भोक आहे. त्यावर तांब्याची टोपी बसते, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत, की बार. सगळं कागदावर उतरवलं. तीन तास बसलो. त्यांच्या पत्नी इरम्मांनी दोनदा चहा दिला आणि एकदा विचारलं, "मास्तर, लगीन कधी करनार?" बंदुकीची लांबी विचारावी तसंच विचारलं बाईंनी.

२ ऑक्टोबर

जुन्या पंपाचा पाइप मिळाला. लोहाराशी भांडण. "असला घोडा कशाला? वाजनार तर न्हाय!" वाजायचा नाही, दिसायचा आहे, हे त्याला कसं सांगावं? शेवटी केला बिचाऱ्यानं. पण तोंडानं पुटपुटत.

७ ऑक्टोबर

बाभळीचा दस्ता तासून झाला. पोखरून आत शिसं ओतलं, वजन बरोबर यावं म्हणून. हलकी वस्तू माणूस हलकी धरतो आणि कॅमेऱ्याला ते लगेच कळतं. नळीत अर्ध्यावर लाकडाची खुंटी ठोकून टाकली. उगाच कुणी हौसेनं दारू भरायला नको. घोड्याखाली त्यांच्यासारखंच भोक पाडलं, त्यावर दिवाळीची टिकली ठेवली की फट्‌ वाजून थोडा धूर निघतो. तेवढा पुरे.

साखरेची बाटली मात्र फसली. डाकूच्या डोक्यात फोडायची होती. उन्हात ठेवली तर मुंग्या लागल्या, सावलीत ठेवली तर चिकट झाली. आमचा डाकू म्हणजे बिराप्पा, आडतीवरचा हमाल, तालमीतला गडी, छाती दरवाजाएवढी. अर्धी बाटली त्यानंच खाल्ली. "मास्तर, दुसरी करा की, ग्वाड हाय!" रागवावं तर असा हसतो की रागच पळतो.

११ ऑक्टोबर

गुरुसिद्धप्पांकडं दोन्ही बंदुका शेजारी ठेवून पाहिल्या. माझी जास्त चकचकीत. चिंच लावून, राख घासून, धुरावर धरून जुनी केली. दस्त्याला त्यांच्या बंदुकीच्या जागीच टवका पाडला. तरी काहीतरी कमी वाटत होतं. रात्रभर टोचत राहिलं.

१२ ऑक्टोबर

सापडलं! नंबर! त्यांच्या नळीवर परवान्याचा नंबर कोरलाय. छिन्नी घेऊन तोच नंबर माझ्या नळीवर कोरला. पडद्यावर तो दिसणार नाही, मला माहीत आहे. पण मला माहीत असायला हवा ना!

इरम्मांनी दोन्ही पाहिल्या आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई, जुळी की हो ही!"

मी रस्त्यानं चक्क पळत घरी आलो.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

गुरुसिद्धप्पांनी निरोप धाडला, तुमची बंदूक घेऊन या, आमच्या पूजेला ठेवू. मी म्हटलं, अहो ती खोटी. म्हणाले, "तुमच्या हातची हाय न्हवं? मग तुमचं हत्यारच ते. हत्याराला खरं-खोटं काय!" मला एकदम भरून आलं. शाळेत सात वर्षांत असं कुणी बोललं नाही.

कोयते, विळे, तराजू, वजनं, दुकानातली सुई-दाभणसुद्धा, आणि मधोमध दोन्ही बंदुका. मी विचारलं, रिकामी केलीत ना? तर डोळे वटारले. "रिकामं शस्त्र देवापुढं मांडत न्हाईत आमच्यात. टोपी काढलीया." इरम्मांनी दोन्हींना तेल चोळलं, विभूती ओढली, हळद-कुंकवाचा लेप दिला, झेंडूच्या माळा घातल्या. दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.

उद्याचा दिवस म्हणजे फुकट गेला. रविवारी गोळीबाराचं दृश्य. वसंतराव म्हणतात, एकच रीळ उरलंय, चुकायचं नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटलं, सोनं घेतलं. चपलेचा अंगठा तुटेपर्यंत गावाबाहेर फिरलो. जीव एका जागी ठरत नाही. कोल्हापूर, कोल्हापूर!

२० ऑक्टोबर

गुरुसिद्धप्पांना हिवताप. घोंगडी पांघरून आत पडलेत. इरम्मांनी पूजा उचलली आणि बंदूक माझ्या हातात दिली. "ही तुमची, नेवा." कुंकवानं माखलेली, तेलानं ओलीचिंब. तशीच गोणपाटात गुंडाळून आणली.

निवडणुका जवळ आल्या म्हणून बंदुका तपासायला तालुक्याला बोलावलंय. मालक तापानं आडवे, त्यामुळं त्यांचे मुनीम शिवलिंगप्पा त्यांची बंदूक घेऊन सोमवारच्या एस.टी.नं जाणार.

२२ ऑक्टोबर, रविवार

पार फजिती! लिहायलासुद्धा लाज वाटते.

ओढ्यात सकाळी सातपासून आम्ही. ऊन मस्त. बिराप्पाच्या सदऱ्याआड काकवीची पिशवी बांधली. कुंकू घातलेलं रक्त मागच्या रिळात पांढुरकं आलं होतं, म्हणून या वेळी नुसती काकवी. माश्या मात्र खऱ्या डाकूभोवती घोंगावाव्यात तशा आल्या.

फौजदाराचं काम करणारे पोस्टमास्तर बंदूक झाडूसारखी धरतात. म्हणून जवळच्या दृश्यात हात माझे. बिराप्पा दहा पावलांवर. मी नेम धरला, थेट छातीवर. वसंतराव ओरडले, "हां!" चाप ओढला. घोडा काय सुरेख पडला! असा कडक आवाज घरी कधी आला नव्हता. लोहाराला मनातल्या मनात नमस्कार केला.

आणि टिकली? फुस्‌! नुसती ओली फुसफुस. धूर नाही, काही नाही. बिराप्पा मात्र दोन्ही हात छातीवर मारून, काकवी फोडून, धाडकन पडला. पुन्हा उठवला. दुसरी टिकली, फुस्‌. तिसरी, तेच. बिराप्पा तीनदा मेला आणि एकदाही धूर निघाला नाही! वसंतरावांनी कॅमेरा बंद केला. "राहू दे मास्तर. रीळ जपू या."

घरी येऊन पाहिलं. घोड्याखालच्या भोकात हळद-कुंकू नि तेलाचा गोळा घट्ट बसलेला! इरम्मांची भक्ती! एवढा राग आला की जेवलो नाही. हातातोंडाशी आलेला घास त्या चिमूटभर कुंकवानं घालवला.

२३ ऑक्टोबर

वसंतराव भले माणूस. म्हणाले, येत्या रविवारी पुन्हा. थोडं रीळ राखलंय. तेवढ्यात झालं तर झालं.

२५ ऑक्टोबर

बंदूक स्वच्छ केली. दाभण घालून भोक मोकळं केलं, चिंधीनं तेल टिपलं, दिवसभर उन्हात ठेवली. आता एकाऐवजी दोन टिकल्या. एक फुसकी निघाली तरी दुसरी पेटेल. बिराप्पाला आणखी जवळ उभा करायचा, सहा पावलांवर. म्हणजे धूर आणि तो, दोन्ही एकाच चौकटीत.

शिवलिंगप्पा परत आले. बाजारात भेटले. तपासणी झाली म्हणे. हवालदारानं नंबर पाहिला, वहीत टिपला, परवान्यावर शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम, पण ताटकळले दिवसभर.

२७ ऑक्टोबर

झोप नाही. रविवार येत का नाही? वसंतरावांच्या मेहुण्यांचं पत्र आलंय, लक्ष्मीपूजनाला पोचतो. मी काय बोलायचं ते तीनदा पाठ केलं. "ही बंदूक मी केली आहे" एवढंच. बाकी बंदूक बोलेल.

२८ ऑक्टोबर

दुपारी शिवलिंगप्पा घामाघूम होऊन आले. गुरुसिद्धप्पांचा ताप उतरला. भुईमुगात डुकरं आली म्हणून बंदूक घेऊन शेतावर निघाले होते. "मालक म्हन्त्यात, आतला बार बघावा म्हणून नळीत ठासायचा गज घातला तर तो अर्ध्यावरच अडतोय. आत लाकूड हाय. मास्तरला इचारून ये, म्हणले, ह्ये काय हाय."

कोपऱ्यातली बंदूक घेतली आणि तिचाच गज काढून नळीत सोडला. तो अर्ध्यावर अडायला हवा होता. अडला नाही. खाली गेला, आणखी खाली गेला, आणि तळाशी काहीतरी मऊ लागलं, चिंध्यांच्या बोळ्यासारखं.

हवालदाराला फसवलं मी. इरम्मांना फसवलं. स्वतःला फसवलं. घोडा सुरेख पडतो म्हणून खूश झालो होतो!

शिवलिंगप्पांच्या हाती बंदूक दिली. टिकल्या विहिरीत टाकून आलो. परत आलो तर बिराप्पा दारात. "मास्तर, उद्या कवा मरायला यायचं?" त्याला आत ओढला, खाली बसवला आणि त्याच्या छातीवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. तो आपला हसतोय. "गुदगुल्या व्हत्यात की ओ!"