इंजिनाला पुरून उरलेली ऊब

आई, गाडीतला हीटर म्हणजे काय ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू मोटारीत बसलीस ती फार तर कुणाच्या लग्नाला, तीही काचा खाली करून. इथं इंग्लंडात, वॉटफर्डला यंदा अशी थंडी पडलीय की सकाळी गाडीचं दार बर्फानं चिकटून बसतं आणि मी ते कंबरेनं धक्के देऊन सोडवते. आत बसलं की तोंडातून वाफ. गाडी चालू करायची, हीटर लाल टोकापर्यंत न्यायचा, पंखा फुल्ल, आणि येते काय, तर फ्रिजमधली हवा. जरा कुठं कोमट वाटायला लागावं तोवर पुढचं घर आलेलं असतं. उतरा. गाडी पुन्हा दगड.

माझं काम तुझंच आहे, फक्त दुसऱ्या टोकाचं. तू लोकांची बाळं न्हाऊ घालायचीस, मी लोकांच्या म्हाताऱ्या. घराघरांत जायचं, अंग पुसायचं, कपडे बदलायचे, चहा करून द्यायचा. केअरर म्हणतात. माझं पहिलं घर एका गोऱ्या म्हातारीचं. ती तरुणपणी बसवर कंडक्टर होती, जीभ अजून तशीच, तिकीट फाडल्यासारखी. थंडी सुरू झाली आणि तिनं मला हात लावू द्यायचं बंद केलं. "काढ ते हात. मासे विकून आलीस का?" मी इथल्या लाडाच्या बोलीत म्हटलं, "बाहेर मायनस आहे, लव्ह. हात काय भट्टीतनं आणू?" "आण की. तोवर मी अशीच बरी." गरम नळाखाली हात धरून बघितले. वरची कातडी तापते, हाडं गारच राहतात, आणि ग्लोव्ह चढवले तरी तिला ते कळतं. असं बरेच दिवस चाललं. मग तिच्या मुलानं ऑफिसला फोन केला आणि ऑफिसनं मला. आई अंघोळच करत नसेल तर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जागा बघतो, म्हणे. म्हातारीच्या कानावर ते गेलं. "मी या घरातून आडवीच निघणार," म्हणाली, पण पाठ काही उघडी करेना. हट्टी दोघी. म्हणजे माझ्या गार हातांपायी तिचं घर सुटायची वेळ आली होती.

तेव्हा मी त्या हीटरच्या मागेच लागले. गॅरेजमध्ये गाडी नेली. गॅरेजवाला पंजाबी, सगळ्यांना बहेनजी म्हणतो आणि सगळ्यांना वाट बघायला लावतो. मी म्हटलं, "हीटर मेलाय." त्यानं हात घालून बघितलं आणि हसला. "बहेनजी, हीटरच्या आत काय शेगडी ठेवलीय असं वाटलं तुम्हाला?" मला तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. तो म्हणाला, गाडीत वेगळा विस्तव नसतो. इंजिन तापतं, त्याच्याभोवतीचं पाणी तापतं, आणि त्यातलं जे इंजिनाला पुरून उरतं ते आपल्याला मिळतं. पाच-पाच मिनिटं चालवाल तर इंजिन स्वतःच उपाशी, तुम्हाला काय वाढणार? एक थर्मोस्टॅट नावाचा भाग अडकून उघडा राहिला होता, तोही त्यानं बदलला. त्यानं थोडा फरक पडला. थोडाच.

पण मला नादच लागला, आई. पंखा पहिल्यापासून फुल्ल केला तर आहे तीही ऊब तो ओढून नेतो, म्हणून आधी बंद ठेवायचा आणि इंजिन तापल्याचा काटा हलला की मग हळू सोडायचा, हे मला कळलं. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते. उभी ठेवून तापवायला गेले तर समोरचा म्हातारा गाऊनमध्ये बाहेर येऊन म्हणाला, धूर आमच्या खिडकीत येतो, इंजिन बंद करा. कामावरच्या एका पोरीची डिझेलची गाडी आहे, ती तापायला माझ्या गाडीहून ढिली. शेजारणीची बॅटरीवरची. तिच्यात बसले तर मिनिटभरात गरम वारा. मी विचारलं, "हिला इंजिन नाही, मग ही कुणाचं खाऊन तापते?" "बॅटरीचं," ती म्हणाली. "थंडीत मी कोट घालूनच चालवते, नाहीतर कामावर पोचेन पण परत येणार नाही." सगळीकडे तेच. ऊब कुणाच्या तरी वाट्यातनं येते.

आणि मग मला तू दिसायला लागलीस. थंडीतली सकाळ, कुणाची तरी न्हाणी, कोपऱ्यात तांब्याचा बंब धगधगतोय. तू पाटावर पाय पसरून बसलीयेस, बाळ अजून आजीच्या मांडीवर आहे. तू बंबाच्या पोटाला दोन्ही तळवे लावतेस, मग स्वतःच्या गालाला, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून पदराखाली पोटाला. मी मध्येच बाळाच्या पायाला हात लावते आणि तू फटकन मनगटावर मारतेस. "तुझ्या पोटाला सोसतोय का तो हात, आधी बघ. तुला सोसला तर त्याला लाव." मी शाळा बुडवून तुझ्यामागं यायचे, पण त्या धड्याचं पुढं काहीच केलं नाही. आता गाडीत स्वेटरखाली पोटाला हात लावून बसते. पोट गार पडतं, हात काही तापत नाहीत. तुझं कसं व्हायचं?

परवा म्हातारीला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं. हॉस्पिटलची गाडी आली नाही, म्हणून माझ्या गाडीत बसवली. बर्फानं नेहमीचा रस्ता बंद, मोठ्या रस्त्यानं लांबून जावं लागलं. पहिले काही मैल ती मला शिव्या देत होती. मग काटा वर आला, मी पंखा सोडला, आणि गाडीत अशी ऊब भरली की तिनं आधी मफलर काढला, मग टोपी. सिग्नलला म्हणाली, "हात दे बघू." मी दिला. तिनं तो उलटासुलटा करून बघितला, भाव करावा तसा. "आहे की तुझ्यात गरमी," म्हणाली. "रोज का नाही आणत?" मी तिला सांगितलं: इंजिन, पाणी, उरलेलं. ती सगळं ऐकत होती. कंडक्टरच ती, बसच्या गोष्टी तिला कळतात.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गारठून तिच्या दारात. हात लोखंड. ती पलंगावर बसलेली. म्हणाली, "गाडी पाचच मिनिटं चालली ना? मग इकडे आण." आणि माझे दोन्ही हात ओढून तिनं तिच्या काखांत घातले, कोंबडीनं अंडी घ्यावीत तसे. स्वतः थरथरली, पण सोडेना. "गप बस," म्हणाली, "मी तापतेय अजून." मग तिनं स्वतःच पाठ उघडी केली. मी ऑफिसला कळवलं की बाईंची अंघोळ झाली. होमचं बोलणं आता थांबलंय.

हे पाठवायचं कुठं, वर जाताना तू काही पत्ता ठेवला नाहीस. ठेवला असतास तरी तुला अक्षर कुठं लागत होतं. एवढंच सांगायचं होतं की म्हातारीच्या काखेत हात असताना मी तुझे हात आठवायचा फार प्रयत्न केला. तू पहाटेच लोकांच्या पोरांकडे जायचीस. तुझे हात त्यांना कसे लागायचे ते मला नीट माहीत आहे. मला कसे लागायचे, ते आठवलं नाही.