शिवणयंत्र खालच्या शिंप्यास

प्रारंभी एक तक्रार नोंदवतो, कारण हे वाचले जाईल तेव्हा ती नोंदवायला मी नसेन. शिक्षकखोलीतील माझ्या कपातून कोणीतरी चहा पितो आणि कप न विसळता उपडा घालतो. आरोपी अज्ञात आहे. त्यास मी क्षमा करीत नाही. कप मात्र त्यालाच देतो.

आता विधिवत. मी, खाली सही करणार, वय अठ्ठावन्न, व्यवसाय अकरावी-बारावीस इंग्रजी साहित्य शिकवणे, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. ‘दडपणाविना’ वकिलाने घालायला लावले. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते. पत्नी निवर्तली, मुलगी गेल्या वर्षापासून वेगळी राहते.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि लाथ घातल्याशिवाय न लागणारे एक दार, मुलीस. बँकेतील ठेव मुलीस.

वकील माझा शाळासोबती. तो म्हणाला, “अरे, एकुलती एक मुलगी. काही न लिहिता सगळं तिलाच मिळतं. मग हा उपद्व्याप कशाला?”

“न लिहिता मिळालं, तर ती वाचणार काय?”

त्याने टोपण लावलेले पेन पुन्हा उघडले.

कलम दुसरे, पुस्तके. बारावीला ‘सत्ता आणि प्रतिकार’ असा भाग आहे. त्यासाठी वर्गातला एक बाक मी ‘विरोधी बाक’ म्हणून राखला होता. त्यावर बसणाऱ्याने घंटा होईपर्यंत माझे काहीही मान्य करायचे नाही. पुरावा मात्र पाठातलाच द्यायचा. मी राजाची बाजू घेतली, की बाक दरबारातल्या मुक्या नोकराची घेई; मी नोकराकडे वळलो, की बाक राजाकडे. मुलगी बारावीला माझ्याच वर्गात होती आणि त्या बाकावरून उठतच नसे. मी वर्गात हरायचो आणि घरी जेवताना पुन्हा हरायचो. तिची आई म्हणायची, “आधी जेवा दोघं, मग मारा त्या राजाला.” शिष्याकडून हार पत्करावी, असे जुने पंडित सांगून गेले; पण शिष्या समोरच्याच ताटावर असल्यास किती वेळा, हे सांगायचे राहिले.

पुढे ती आमच्याच विभागाची प्रमुख झाली, म्हणजे माझी वरिष्ठ. एकदा माझा तास पाहायला आली. वर्गाला म्हणाली, प्रतिकारावरचं उत्तर चार मुद्द्यांतच लिहा, परीक्षकाला तेवढंच हवं असतं. बाकावरची विद्यार्थिनी उठली. “मॅडम, म्हणजे प्रतिकारसुद्धा परीक्षकाला विचारून करायचा?” वर्ग हसला. मीही हसलो. विनोद उत्तम होता, हे माझे मत आजही कायम आहे.

दुसऱ्या दिवशी सेवक बाक न्यायला आला. “सर, मॅडमनी सांगितलंय. माळ्यावर टाकू की अडगळीत?” संध्याकाळी घरी मी विषय काढला. ती चहा गाळत होती. म्हणाली, “सर, हा विभागाचा निर्णय आहे.” घरात, सर! ‘बाबा’ तिथे संपले. महिन्याभरात तिने कॉलेजजवळ खोली घेतली. आता शिक्षकखोलीत शेजारच्याच टेबलावर बसते आणि सकाळी वेळेवर नमस्कार करते.

तस्मात् माझी पुस्तके, समासातल्या शेऱ्यांसह, त्या विद्यार्थिनीस.

कलम तिसरे. पत्नीचे शिवणयंत्र, ज्यावर मुलीचे सगळे फ्रॉक शिवले गेले आणि ज्याला आईमागे तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, ते खालच्या मजल्यावरील शिंप्यास. शिंपी म्हणाला, “मला नको हो, माझी सगळी विजेवर चालतात.” आक्षेप फेटाळला.

वकील म्हणाला, “हे ती खपवून घेणार नाही. तरातरा भांडायला येईल.”

“येऊ दे. नक्कल तिला मी मेल्यावर नको देऊस. उद्याच दे.”

त्याने चष्म्यावरून पाहिले. “हे मृत्युपत्र आहे की आमंत्रण?”

“तू कलम लिही.”

कलम चौथे. शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर प्राचार्यांना बोलू देऊ नये. मी इतिहास शिकवतो अशी त्यांची समजूत आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला. तो मला मान्य आहे. विरोध करायला कोणी हजर नव्हते.

स्थळ : पुढची खोली. दिनांक : ११ जानेवारी.
सही : (सुवाच्य)

साक्षीदार :
१. वकील, शाळासोबती. कुरकुरत सही केली.
२. कॉलेजातील सेवक. “मॅडमना नक्कल तुम्हीच द्या की, सर,” असे म्हणून सही केली.

सहीनंतर, स्वहस्ते : गप्प बसणे हाही प्रतिकारच, हे तिला मीच शिकवले, त्यावर हमखास प्रश्न येतो. घराची, ठेवीची मला काळजी नाही. ती नक्कल वाचेल आणि खाली ‘मान्य’ एवढेच लिहून परत पाठवील, याची मला भीती वाटते.